जागलीची रात्र

वहाणा खालीच काढा. बाभळीच्या मेढीला पाय लावा आणि मचाणावर चढा. 1960 नंतरची, भातकुलीच्या शिवारातली मार्गशीर्षातली रात्र आहे. गोधडी दवानं ओली झालीय, खाली ज्वारी हुरड्यावर आलीय. मडक्यातलं पाणी प्यालात की जिभेवर मचूळ चव राहते. हा खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी असंच.

दुरून कोणी डबा बडवतो. पलीकडच्या वावरातून हाळी येते, तिला तिसऱ्या वावरातून उत्तर मिळतं. अंधारात सगळं शिवार जागं आहे.

"बाबू, बंदूक भर. दारू ओली होऊ देऊ नको."

काकांची ठासणीची बंदूक मांडीवर घ्या. नळी बर्फासारखी गार लागेल. शिंगातली दारू मापानं नळीत सोडा. वर चिंधी. आता गजानं ठासा, हलक्या हातानं पण घट्ट. मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. शेवटी तांब्याची टोपी बसवायची. थंडीनं बोटं बधिर झालीत, टोपी निसटते आणि गोधडीच्या घडीत शोधावी लागते. अमेरिकेत 1906 सालीच रेमिंग्टनची मॉडेल 8 ही शिकारी रायफल निघाली होती. एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत यायची. पुढे तिचीच सुधारलेली मॉडेल 81 आली, तीही 1950 मध्ये बंद झाली. तुमच्या हाती मात्र एकच बार आहे. 1959च्या शस्त्र कायद्यानं पीकराखणीसाठी नाव घेऊन परवाना दिलाय तो याच ठासणीच्या बंदुकीला.

कडाड! धांडे मोडले. ओल्या मातीचा आणि डुकरांचा उग्र वास नाकात शिरतो. ज्वारी लाटेसारखी हलते.

"वर धर. आवाजानंच पळतीन."

चाप ओढा. घोडा आपटतो, डोळ्यांपुढे जाळ, खांद्याला दणका, कानात नुसती शिट्टी. गंधकाचा धूर घशात जातो, डोळे चुरचुरतात. कळप तुरीतून धडधडत निघून जातो. गावाकडची कुत्री एकदम भुंकू लागतात.

आता डुकरं फिरून यायच्या आत पुन्हा शिंग, चिंधी, गज. आणि हे सगळं अंधारात, चाचपडत. माझ्या मते जागलीचं खरं कसब या हातांत होतं, नेमात नव्हे.

भातकुलीकडे गेलात तर जुन्या जागल्यांपाशी बसा. बार कसा भरायचा ते विचारा. ते तुम्हाला हातवारे करून दाखवतील.