अठ्ठावन्न दिवस ते सोळा तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. शंभर वर्षांपूर्वीही ते तेवढेच होते. बदलला तो फक्त वेळ. आणि त्याबरोबर ‘परदेशी जाणे’ या शब्दांचा अर्थही बदलला.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अवघे अठरा, सोबत नात्यातले कुणी नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने युरोपला जाताना आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा वाचला होता. तरीही इंग्लंडमध्ये बोट बदलून न्यूयॉर्क गाठेपर्यंत ४ जून उजाडला. म्हणजे ५८ दिवस! १८८६ मध्ये डॉक्टर होऊन त्या परत निघाल्या, तेव्हा क्षयाने शरीर पोखरले होते. त्याही अवस्थेत बोटीचा तोच लांबलचक प्रवास करावा लागला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या काळी परदेशी जाणाऱ्याला निरोप देताना घरच्यांच्या पोटात का कालवत असेल, हे यावरून कळते.

पुढे विमान आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि त्याच वर्षी एअर इंडियाची सेवा न्यूयॉर्कपर्यंत पोचली. पण वाटेत थांबे घ्यावेच लागत, कारण एवढ्या पल्ल्याचे इंधन विमानात मावत नसे. ती अडचण नव्या विमानांनी दूर केली. २००७ मध्ये एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण सुरू केले. वेळ साधारण सोळा तास. भारताकडे जाताना पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे पाठीशी असतात, म्हणून तो प्रवास थोडा लवकर आटोपतो.

समोरच्या पडद्यावरील नकाशात विमान उत्तरेकडे का वळले, असे मुले हमखास विचारतात. त्यांच्या हाती पृथ्वीचा गोल आणि एक दोरा द्यावा. दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की जवळची वाट उत्तरेकडूनच जाते, हे त्यांना आपोआप दिसेल.

अर्थात, वळसे अजून संपलेले नाहीत. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकन विमानांना आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा अनेक उड्डाणांचे तास पुन्हा वाढले.

तरीही ५८ दिवसांपुढे हे तास म्हणजे काहीच नाहीत. नातवाचे बारसे, भाचीचे लग्न आता आपल्याला गाठता येते. पण मध्यरात्री फोन वाजतो, पलीकडून भावाचा दाटलेला आवाज येतो, “लगेच नीघ,” तेव्हा हे सोळा तासही संपता संपत नाहीत. अंतर खरोखर किती आहे, ते आपल्याला त्या रात्री कळते.