ओझोन खायला समुद्रावर

लहानपणी मला दमा होता आणि आमच्या घरात त्यावर एकच हुकमी इलाज होता: हवापालट. आजी मला अलिबागजवळच्या नातेवाइकांकडे घेऊन जायची. खाऱ्या वाऱ्यानं छाती मोकळी होते, असं तिचं ठाम मत. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी लंडनला होतो. जुलैतल्या उकाड्यात इनहेलर जास्तच लागायला लागला, तेव्हा आजीचं ऐकून शनिवारी ईस्टबोर्न गाठलं. दुपारी तीनच्या सुमारास तिथल्या स्वच्छ, निळ्या समुद्रासमोर बसून मी लंडनपेक्षाही जास्त धापा टाकत होतो.

सवयीनं फोनवर आकडे काढले. ईस्टबोर्नच्या पश्चिमेला, साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर लुलिंग्टन हीथ नावाचं अभयारण्य आहे. तिथे सरकारी मापन केंद्र 1980च्या दशकापासून दर तासाला ओझोन मोजतं. आसपास कारखाना नाही, हमरस्ता नाही, आणि ओझोनचा आलेख मात्र लंडनच्या रहदारीच्या रस्त्याहून वर.

मला हसू आलं, कारण याच वायूच्या नावावर इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांनी एके काळी धंदा केला होता.

समुद्र औषधी असतो ही कल्पना तिकडे अठराव्या शतकात रुजली. डॉ. रिचर्ड रसेल यांनी 1750 साली ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपचार सांगणारा प्रबंध लिहिला आणि ब्राइटनचं नशीब उघडलं. पाणी प्यायचं, पाण्यात डुंबायचं. हवेचा नंबर नंतर लागला. 1839 साली बाझलमध्ये ख्रिश्चन फ्रीड्रिश श्योनबाइन पाण्याचं विद्युत विघटन करत होते, तेव्हा त्यांना एक तिखट वास आला. 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्यांनी या पदार्थाला ओझोन नाव दिलं. तो ऑक्सिजनच्या तीन अणूंचा रेणू आहे, हे कळायला 1865 साल उजाडलं.

श्योनबाइन यांनी मोजण्याचा सोपा मार्गही दिला. पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेली कागदाची पट्टी हवेत टांगायची. ओझोन लागला की आयोडिन सुटं होऊन कागद निळा-जांभळा होतो. मग तो रंगपट्टीशी ताडून शून्य ते दहा गुण द्यायचे. डॉक्टर आणि हौशी हवामान-निरीक्षक या कागदांच्या मागे लागले. ओझोन हवेतलं 'विष' जाळतो, तो कमी झाला की कॉलरा येतो, असंही अनेकांना वाटे. समुद्रकाठी कागद गडद होत, शहरात फिके राहत. झालं! हॉटेलं आणि रेल्वे कंपन्या ओझोन विकायला मोकळ्या.

इंजिनिअर म्हणून मला इथे खरी गंमत वाटते. तो कागद फक्त ओझोन मोजतच नव्हता. दमट हवेत तो वेगळा वागतो, वारा जास्त असला की जास्त रंगतो. समुद्रकाठी या दोन्ही गोष्टींना काय तोटा? सेन्सर कशाला प्रतिसाद देतोय हे न तपासता लोक डॅशबोर्डवर खूश होते. आमच्याकडे हे दर आठवड्याला घडतं. समुद्राचा तो ओळखीचा वाससुद्धा ओझोनचा नाही. तो मुख्यतः डायमिथाइल सल्फाइडचा, म्हणजे समुद्री शेवाळ आणि जिवाणूंच्या उद्योगाचा.

नेटकं मोजमाप झालं पॅरिसच्या मोंसूरी वेधशाळेत, 1876 पासून तीन दशकं, वेगळ्या रासायनिक पद्धतीनं. त्या नोंदी 1988 मध्ये पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा तेव्हाच्या हवेत ओझोन अब्जात सुमारे दहा भागच निघाला. आज युरोपात पार्श्वभूमीचीच पातळी याच्या कितीतरी पट आहे.

मधे काय घडलं? मोटारी. 1950च्या सुमारास कॅलिफोर्नियात आरी हागेन-स्मिट यांनी दाखवलं, की गाड्यांच्या धुरातली हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात शिजली की ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसही समुद्रकाठचंच. ओझोनमुळे तिथे रबर तडकत होतं. फुप्फुसांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता ईस्टबोर्नचा दिवस पाहा. शहरातल्या रस्त्यावर गाड्यांतून ताजा नायट्रिक ऑक्साइड सतत येतो आणि तो ओझोनला खाऊन टाकतो. म्हणून लंडनचा रस्ता या एकाच बाबतीत 'स्वच्छ' दिसतो. तोच माल वाऱ्याबरोबर वाहत, उन्हात शिजत दूर जातो. तिकडे त्याला खाणारं कुणी नाही. पाण्यातही ओझोन फार सावकाश शोषला जातो. युरोपवरून मंद वारा आला की खंडाचाही माल येऊन मिळतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. रात्री मतलई वारे किनाऱ्यावरची घाण समुद्रावर नेतात आणि दुपारी खारे वारे तीच, आता ओझोन झालेली, परत आणून देतात. ऑगस्ट 2003च्या उष्म्याच्या लाटेत इंग्लंडमध्ये सुमारे दोन हजार जास्तीचे मृत्यू झाले. त्यातले काही शे ओझोन आणि धूलिकणांच्या खात्यावर मांडले गेले. अशा उकाड्यात लोक कुठे पळतात? समुद्रावर.

संध्याकाळी आजीला फोन करून हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "भर दुपारी कुणी सांगितलं होतं रे जायला? मी तुम्हाला उन्हं उतरल्याशिवाय कधी सोडलं होतं का वाळूत?"