वंशावळीत नाव नसलेले

एरंडोलचे कुटुंब श्राद्धासाठी त्र्यंबकेश्वरी गेले की तीर्थोपाध्याय गाव-आडनाव विचारून नामावळी काढतात. पणजोबा सापडले तर आनंद. नाही सापडले तरी विधी अडत नाही.

प्राचीन इस्राएलात अडत असे. याजकपद फक्त अहरोनाच्या वंशजांचे. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलचा बंदिवास संपवून लोक यरुशलेमला परतले, तेव्हा याजकांपैकी तीन घराण्यांना वंशावळीत आपली नोंद दाखवता आली नाही. त्यांचे याजकपद गेले आणि परमपवित्र अन्नही बंद झाले, असे एज्राच्या ग्रंथात आहे. त्यांपैकी बर्जिल्लयाच्या घराण्याने तर नावच सासरचे घेतलेले होते! कागद हरवला की देवाची सेवाही गेली.

हाच प्रश्न पुढे मराठी माणसांच्या दारी आला. कोकणातले बेने इस्राएल, गावकऱ्यांच्या भाषेत शनवार तेली. शब्बाथ आणि सुंता त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली. वंशाचा दाखला म्हणाल तर पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे. त्यांतून गाव कळते, अहरोन नाही. इस्रायलला स्थलांतर केल्यावर १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मावले, की यांच्या लग्नाआधी आई-आजीकडचा वंश शक्य तितका मागे तपासावा. जन्म-मृत्यूची नोंद जिथे घरच्यांच्या आठवणीत, तिथे कागद आणायचा कुठून? माझ्या मते हा धर्मापेक्षा दप्तराचा हट्ट होता.

१९६४ मध्ये यरुशलेमात निदर्शने झाली. संसदेने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे सांगितले, आणि धर्मपीठाने आदेशातून त्याचे नाव गाळले.