‘सव्वादोन किलोचं लेकरू’ : तळटीप

‘सव्वादोन किलोचं लेकरू’ : परभणी जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही २५०० ग्रॅमच्या आतले बाळ ‘कमी वजनाचे’ ठरते. ही जागतिक आरोग्य संघटनेची रेषा. ती गर्भाचे आठवडे पाहत नाही. २२५० ग्रॅमचे बाळ ३६व्या आठवड्यात जन्मले, तर दिवसांच्या मानाने त्याचे वजन ठीकच. फक्त ते अपुऱ्या दिवसांचे, त्याला ऊब व थोडेथोडे दूध वारंवार हवे. तेच ४० आठवडे भरून जन्मले, तर त्याची वाढ पोटातच खुंटलेली असते. आठवड्यांनुसार अशी मानके ‘इंटरग्रोथ-२१’ प्रकल्पाने २०१४ मध्ये दिली. त्याच्या आठ देशांतल्या केंद्रांत नागपूर होते. तिथे निरोगी, सुपोषित मातांचीच बाळे मोजली. याउलट डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले. आपल्या भागाची सरासरी हेच मानक मानले, तर आईची आबाळ आकड्याआड दडते. आणि आठवडे मोजता यावेत म्हणून जन्मवजनाशेजारी शेवटच्या पाळीची तारीख नोंदलेली असलीच पाहिजे. — संपादक