प्रयोगशाळेचा आराखडा आणि सुरक्षा अधिकारी

व्यंकोजीराजे व सरफोजीराजे यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले तमिळनाडूतील तंजावर आज उच्च शिक्षणाचेही केंद्र आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेले तमिळ विद्यापीठ, शास्त्र अभिमत विद्यापीठ आणि अन्नप्रक्रियेचे संशोधन करणारी निफ्टेम ही राष्ट्रीय संस्था येथे आहे. अशा संस्थांमध्ये नवी प्रयोगशाळा उभारताना सुरक्षा अधिकाऱ्याचा सल्ला केव्हा घ्यावा, हा प्रश्न केवळ प्रशासकीय नाही.

इमारतीची रचनाच जीवघेणी ठरू शकते, हे याच जिल्ह्याने अनुभवले आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. शाकारलेले छप्पर आणि अरुंद जिना यांमुळे सुटकेचा मार्गच उरला नव्हता. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातील शाळांसाठी अग्निसुरक्षेचे निर्देश दिले.

प्रयोगशाळेत धोका अधिक गुंतागुंतीचा असतो. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात २९ डिसेंबर २००९ रोजी लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधकांचा, तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ रोजी झालेल्या स्फोटात एका संशोधकाचा मृत्यू झाला.

बहुतेक संस्थांमध्ये वास्तुविशारद, स्थापत्य अभियंता व विभागप्रमुख आराखडा ठरवतात आणि सुरक्षा अधिकाऱ्याला अग्निशामक नळकांडी कोठे टांगावीत एवढेच शेवटी विचारले जाते. तोपर्यंत महत्त्वाचे निर्णय होऊन गेलेले असतात. फ्यूम हूडचे, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचे, उदाहरण घ्यावे. त्याचे तोंड १.२ मीटर रुंद व अर्धा मीटर उघडे असेल आणि हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवला, तर ते तासाला सुमारे १,०८० घनमीटर हवा बाहेर टाकते. अशी दहा कपाटे असल्यास १०,८०० घनमीटर. तितकीच नवी हवा आत यावी लागते आणि तंजावरच्या उकाड्यात ती थंडही करावी लागते. वातानुकूलनाची क्षमता ठरवताना हा हिशेब झाला नाही, तर खोली तापते, लोक पंखे लावतात, खिडक्या उघडतात आणि वाऱ्याच्या झोताने वाफा पुन्हा माणसांकडेच येतात. छतापर्यंत जाणाऱ्या धुराड्याची जागा तर मजले चढल्यावर काढणे जवळजवळ अशक्यच.

वायूच्या टाक्यांसाठी बाहेरून उघडणारी स्वतंत्र खोली, प्रत्येक मोठ्या दालनाला दुसरे दार, दाराजवळ आपत्कालीन शॉवर व त्याचा निचरा याही गोष्टी नकाशातच ठरतात. धान्यावर काम होत असेल, तर पिठाची धूळ साचणार नाही अशी रचना हवी. हवेत पसरलेली अशी धूळ ठिणगीने स्फोट घडवू शकते. भाताच्या या प्रदेशात हे विसरून चालणार नाही.

किरणोत्सर्गाच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. २००४ च्या नियमांनुसार विकिरण सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि मोठ्या स्रोतांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडून आराखड्याची मंजुरी आधीच घ्यावी लागते. सामान्य रसायनशाळेला अशी पूर्वअट नाही. कारखाने अधिनियमातील सुरक्षा अधिकाऱ्याची तरतूद कारखान्यांसाठी होती. त्यामुळे विद्यापीठांनाच इमारत समितीच्या पहिल्या बैठकीत या अधिकाऱ्याला स्थान द्यावे लागते. कोणती रसायने, किती प्रमाणात आणि कोणत्या मजल्यावर ठेवायची, याची यादी त्याने विभागांकडून त्याच वेळी मागवणे अपेक्षित असते. इमारत ताब्यात घेण्यापूर्वी धूर सोडून फ्यूम हूडची चाचणीही त्याच्यासमोर व्हावी लागते.