थेम्सकाठची एक वसाहत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या सेक्रेटरींचा महिनाभर धोशा होता. सोसायटीचा इतिहास लिहावा, तर तो आपल्या पहिल्या अध्यक्षांनी याच अंकात लिहिला आहे. बँकेतल्या आठवणी लिहाव्यात, तर त्या आमच्या घरच्यांनाच पाठ झाल्या आहेत, तुम्हाला कशाला छळू? म्हणून दुसऱ्याच एका वसाहतीचा इतिहास सांगतो. तीही नदीकाठी आहे आणि तिथे आम्ही उभयतांनी तीन महिने काढले आहेत.

आमची लेक तेव्हा लंडनला पिम्लिको भागात भाड्याने राहत होती. वसाहतीचे नाव चर्चिल गार्डन्स. हे नाव काही आपल्या कानाला गोड लागत नाही. बेचाळीस-त्रेचाळीसच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली आमची पिढी. पण घर लेकीचे, म्हटल्यावर नावाला काय करता! पहिल्या सकाळी फिरायला निघालो तर इमारतींवर चॉसर हाऊस, कीट्स हाऊस, शेली हाऊस अशा पाट्या. मी बी.कॉम. असलो तरी ही नावे ऐकून होतो. विंग ए, विंग बी यापेक्षा बरेच. आणि मध्येच एक उंच, काचेने मढवलेला बहुकोनी मनोरा. मला वाटले पाण्याची टाकी. टाकीच होती, पण तिची गंमत पुढे सांगतो.

लेकीच्या शेजारी एक वयस्कर बाई राहत. वसाहत बांधून होत होती तेव्हापासून त्या तिथे होत्या. त्यांच्याकडून अर्धे कळले, उरलेले लायब्ररीत बसून वाचले. निवृत्त माणसाला उद्योग लागतोच.

पिम्लिकोची जागा मुळात दलदलीची. एकोणिसाव्या शतकात टॉमस क्युबिट नावाच्या बिल्डरने भर घालून तिथे पांढऱ्या गिलाव्याच्या घरांच्या ओळी बांधल्या. नदीच्या कडेला मात्र धक्के, वखारी, कारखाने आणि मध्ये मध्ये दाटीवाटीची वस्ती. १९४०-४१ मध्ये जर्मन बाँबवर्षावात या भागाची बरीच पडझड झाली. युद्ध संपता संपता वेस्टमिन्स्टरच्या म्युनिसिपालिटीने ठरवले की ही नदीकाठची तेहतीस एकर जागा मोकळी करून तिथे भाडेकरूंसाठी घरे बांधायची. पार्लमेंटपासून चालत जाता येईल अशी थेम्सच्या काठची जागा, आणि राहणार कोण, तर म्युनिसिपालिटीचे भाडेकरू! आपल्याकडे नदीकाठच्या जागेचे काय होते हे मी सांगायला नको.

त्यापुढचे पाऊल मला जास्त महत्त्वाचे वाटते. ओळखीच्या कंपनीला काम न देता त्यांनी खुली डिझाइन स्पर्धा जाहीर केली. अशा स्पर्धांचा तिथला शिरस्ता असा, की नकाशांवर नाव घालायचे नाही. परीक्षकापुढे फक्त कागद. साठाच्या वर प्रवेशिका आल्या. १९४६ मध्ये निकाल लागला आणि पाकीट उघडल्यावर नावे निघाली फिलिप पॉवेल आणि हिडाल्गो मोया. दोघेही पंचविशीतले, आर्किटेक्चरच्या शाळेतून बाहेर पडून फार दिवस झालेले नाहीत, नावावर मोठे काम एकही नाही.

इथे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता. अनुभव नाही, मार्जिन नाही, मागचे तीन ताळेबंद नाहीत. तिथल्या म्युनिसिपालिटीने मात्र निकाल लागल्यावर काम दुसऱ्या कोणा बुजुर्गाकडे वळवले नाही. सोळा वर्षे, म्हणजे १९६२ पर्यंत, टप्प्याटप्प्याने सुमारे सोळाशे घरे त्याच दोघांच्या कचेरीकडून बांधून घेतली.

त्यांनी केले काय? एकरी दोनशे माणसे बसवायची ही अट होती. साहजिक कोणीही नदीला तोंड करून उंच इमारतींची रांग लावली असती. आपला मरीन ड्राइव्ह डोळ्यांपुढे आणा. पुढच्या रांगेला समुद्र, मागच्यांना पुढच्यांचे पाइप. या पोरांनी नऊ ते अकरा मजल्यांच्या बहुतेक इमारती नदीला काटकोनात उभ्या केल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. त्यामुळे एकाच रांगेची मक्तेदारी झाली नाही. मागे राहणाऱ्यालाही मान जरा वळवली की पाणी दिसते, आणि एका बाजूने सकाळचे, दुसऱ्या बाजूने संध्याकाळचे ऊन घरात येते. मध्ये बागा, कडेने बुटक्या तीन-चार मजली ओळी. पहिल्या इमारतींचे जिने काचेचे आहेत. संध्याकाळी दिवे लागले की जिना चढणारी माणसे बाहेरून दिसतात. आमच्या सौ.ना हे फार आवडायचे. मला सुरुवातीला ते जरा उघडे-उघडे वाटले, नंतर सवय झाली.

आता त्या मनोऱ्याविषयी. नदीच्या समोरच्या काठावर बॅटरसीचे वीजकेंद्र. कोळसा जाळून वीज केली की उरलेली उष्णता एरवी वाया जायची. ते गरम पाणी थेम्सच्या खालून पाइपाने अलीकडे आणले, सुमारे एक्केचाळीस मीटर उंचीच्या त्या टाकीत साठवले आणि घराघरांत फिरवले. शेगडी नाही, धुराडे नाही, कोळशाची गोणी जिन्यातून ओढायची नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुरकट धुके बसले आणि हजारो माणसे दगावली, तेव्हा इथल्या घरांतून धूर निघत नव्हता. (समोरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून निघत होता, हेही नोंदवले पाहिजे. हिशेब दोन्ही बाजूंनी लिहावा.) वीजकेंद्र १९८३ मध्ये बंद पडले. नंतर अलीकडेच बॉयलर बसवले. टाकी अजून कामावर आहे.

या दोघांची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५१ च्या मोठ्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी नदीकाठी उंच शोभेचा स्तंभ उभारायचा होता. त्याचीही स्पर्धा यांनीच जिंकली. 'स्कायलॉन' त्याचे नाव. त्याच वर्षी सत्ताबदल होऊन चर्चिलसाहेब पुन्हा पंतप्रधान झाले आणि १९५२ मध्ये तो स्तंभ उतरवून भंगारात गेला. ज्यांच्या नावाची वसाहत हे बांधत होते, त्यांच्याच राजवटीत!

सगळे गुणगानच करतो असे नको. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना घरे विकत घेता आली, मग पुष्कळ घरे पुढे भाड्याने फिरू लागली. आमच्या लेकीचे त्यातलेच एक. दुरुस्तीची बिले आली की मालक मंडळी डोक्याला हात लावतात. लिफ्टचा प्रश्न तिथेही आहे, हे ऐकून आपल्या कमिटीला बरे वाटेल. तरी १९९८ मध्ये त्यातल्या काही इमारती आणि तो मनोरा वारसा यादीत घातले गेले.

हे सगळे वाचताना मला आमची पूरग्रस्त वसाहतीतली खोली आठवत होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. शनिवार पेठेतले आमचे भाड्याचे बिऱ्हाड गेले. पुढे आम्हाला खोली मिळाली, तीही वेळेवर, त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. पण उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत बसवत नसे. आई पोलपाट-लाटणे घेऊन दाराबाहेर येऊन बसायची. बाँब पडल्यावर लंडनमध्येही तात्पुरती घरे घाईने उभारली होतीच. पण पक्की बांधताना त्यांनी आधी साठ जणांना विचारले, घर कसे असावे म्हणून. आम्हाला, किंवा आमच्या वतीने कोणाला, कोणी विचारल्याचे मला माहीत नाही.

आणि स्वतःच्या घराच्या वेळी तरी मी काय केले? आपल्या सोसायटीचे बुकिंग सुरू झाले तेव्हा नकाशा बघून ही म्हणाली होती, "अहो, स्वयंपाकघराची खिडकी डक्टात उघडते." मी म्हणालो, भाव चांगला आहे. नोकरीत शेकडो गृहकर्जे मंजूर केली, प्रत्येक फाइलीत मंजूर नकाशा असायचा, मी त्यावरचा शिक्का तेवढा बघायचो. लंडनच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन यायचे. ही तिथे भाजी निवडत उभी असायची. बोलली काही नाही, पण पंचवीस वर्षे आमच्या स्वयंपाकघरात दिवसाही ट्यूब लावावी लागते आहे.

आता जिन्यात पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत दोनच प्रश्न विचारले गेले : कार्पेट किती वाढवून मिळणार, आणि कॉर्पस किती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, मीही विचारले. माझी सूचना एवढीच, की बिल्डरची निविदा मागवण्याआधी सोसायटीने स्वखर्चाने चार-पाच आर्किटेक्टकडून, त्यात एखाद-दोन अगदी नवखे घेऊन, आपल्या प्लॉटचे कच्चे आराखडे मागवावेत. नावे झाकून ते हॉलमध्ये लावावेत आणि प्रत्येक घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाने आधी बघावेत. खर्च सिंकिंग फंडातून करता येणार नाही, हे मी जाणतो. वर्गणी काढू, पहिली माझी.

चर्चिल गार्डन्सच्या मांडणीचा नकाशा लेकीने पाठवला आहे. त्याची मोठी प्रत काढून सोसायटी ऑफिसच्या कपाटात, डावीकडच्या खणात ठेवली आहे. किल्ली वॉचमनकडे मिळेल.