वार्तेची वाट आणि बारडोलीचे पत्र

दिनांक 1 फेब्रुवारी 1922 रोजी सुरत जिल्ह्यातील बारडोली या तालुक्याच्या गावाहून महात्मा गांधींनी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना एक पत्र धाडले. बारडोली म्हटले की शेतसारा, जप्ती आणि वल्लभभाई पटेल यांचे स्मरण होते, ते 1928 सालच्या लढ्यामुळे. परंतु त्याच्या सहा वर्षे आधीच्या या पत्राचा भर साऱ्यावर नव्हता. अहिंसक चळवळीचे कैदी मुक्त करावेत, कोणत्याही अहिंसक कार्यात, मग त्याचा हेतू काहीही असो, सरकारने हस्तक्षेप करू नये आणि वृत्तपत्रांवरील शासकीय नियंत्रण उठवून वसूल केलेले दंड व जप्त रकमा परत कराव्यात, असे मागणे त्यात होते. सात दिवसांत तशी घोषणा झाली, तर कायदेभंग पुढे ढकलण्याचा सल्ला देण्याची तयारीही दर्शविली होती.

हे एका व्यक्तीचे पत्र असले, तरी त्यामागे एका राजकीय पक्षाचे बळ होते. डिसेंबर 1921 मध्ये अहमदाबादच्या अधिवेशनात काँग्रेसने आपले सर्वाधिकार गांधींच्या हाती दिले होते. 29 जानेवारीस बारडोली तालुक्याच्या परिषदेने कायदेभंगाचा ठराव केला आणि 31 जानेवारीस सुरतेस कार्यकारिणीने त्यास मान्यता दिली. तेव्हा वार्तेच्या वाटेविषयी काँग्रेस पक्षाची भूमिका काय होती, याचा हा एक अस्सल पुरावाच होय.

वार्तेची वाट तटस्थ असावी म्हणजे काय? टपालाचे उदाहरण सुबोध आहे. 1854 सालापासून हिंदुस्थानात हलक्या वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात कितीही दूर जाऊ लागले. पत्रात सावकाराचा तगादा आहे की आईची खुशाली, याची चौकशी डाकखात्याने करावयाची नव्हती. वाहून नेणाऱ्याने मजकुरावरून दर ठरवू नये आणि एकाचे पत्र आधी, दुसऱ्याचे मागाहून असेही करू नये, हेच त्या तटस्थतेचे मर्म. अर्थात ही तटस्थता दराची होती. राज्यकर्त्यांना नको असलेला मजकूर अडविण्याचे अधिकार 1885 च्या तार कायद्यात आणि 1898 च्या टपाल कायद्यात राखून ठेवलेलेच होते.

छापखान्याची वाट तर याहून अरुंद होती. 1910 च्या मुद्रण कायद्याने छापखान्याच्या मालकाकडून जामीन रक्कम मागता येई आणि मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास ती जप्तही करता येई. अलाहाबादच्या ‘इंडिपेंडंट’ पत्राचा जामीन 1921 च्या अखेरीस असाच जप्त झाला. तेव्हा महादेवभाई देसाई यांनी ते पत्र हस्तलिखित स्वरूपात काढले आणि त्यासाठी कारावास पत्करला. बारडोलीच्या पत्रातील तिसरी मागणी कोणत्या जखमेतून आली होती, हे यावरून ध्यानी येते.

पुढे काय घडले, ते सर्वश्रुत आहे. सरकारने 6 फेब्रुवारीस मागणे नाकारले. त्यापूर्वीच, 4 फेब्रुवारीस, चौरीचौरा येथे जमावाने पोलीसठाणे जाळून पोलिसांचे बळी घेतले होते. ती वार्ता कळताच 11 व 12 फेब्रुवारीस बारडोलीतच कार्यकारिणीची बैठक भरली आणि सामुदायिक कायदेभंग स्थगित झाला. मार्चमध्ये गांधींना अटक झाली, ती ‘यंग इंडिया’तील लेखांबद्दल. 18 मार्चला न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि ती देताना लोकमान्य टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला. 1908 साली ‘केसरी’तील लेखांसाठी टिळकांना तेवढीच शिक्षा झाली होती. लेखणीच्या अपराधाची मोजपट्टी अशी पुण्याच्या पत्रावरून अहमदाबादच्या पत्राला लावली गेली. नवलाची गोष्ट अशी, की त्याच वर्षी 1910 चा मुद्रण कायदा रद्द झाला. राजद्रोहाचे कलम मात्र शाबूत राहिले.

1928 मध्ये बारडोली पुन्हा उभी राहिली. मुंबई सरकारने तालुक्याचा सारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढविला होता. वल्लभभाईंनी चळवळीची छावणी गावोगावी वसविली आणि जुगतराम दवे यांच्या हाती प्रकाशनाचे काम सोपविले. दररोज ‘सत्याग्रह पत्रिका’ निघे आणि खेडोपाडी वाचली जाई. दुसऱ्या बाजूस मुंबईतील इंग्रजी पत्रे वल्लभभाईंना लेनिनची उपमा देत होती. शेतकऱ्यांकडे स्वतःची पत्रिका नसती, तर बारडोलीचे चित्र देशाने त्याच एका चष्म्यातून पाहिले असते. लढ्याअंती चौकशी नेमली गेली. तीवर दोघे अधिकारी होते. एक मॅक्सवेल आणि दुसरे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी गांधींना लेखांसाठी शिक्षा दिली होती. त्यांनी गावोगाव फिरून पडताळा घेतला, तेव्हा ज्या आकड्यांवर वाढ बसविली होती ते विश्वासार्ह नाहीत असे आढळले. वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. शेतकऱ्याची बाजू बाहेर पडण्यास वाट मिळाली नसती, तर ते खोटे आकडे तीस वर्षे त्याच्या मानेवर बसले असते. वार्तेचे स्वातंत्र्य ही केवळ सुशिक्षितांची चैन नव्हे, हे बारडोलीने असे दाखविले.

1931 च्या मार्चमध्ये कराचीस काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, तेव्हा अध्यक्षपदी बारडोलीचे सरदारच होते. भाषण व मुद्रणस्वातंत्र्य हे त्या ठरावाचे एक अंग होते. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांचे तोंड बांधले गेले. त्या वेळी मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला; 12 नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडेपर्यंत तो बोलत राहिला. हस्तलिखित पत्र काढणारे महादेवभाई आणि नभोवाणी चालविणाऱ्या उषाताई, दोघांचाही जन्म सुरत जिल्ह्यातील सरस या एकाच गावचा, हा योगायोग मनोज्ञ आहे.

विरोधात असताना तटस्थता मागणे सोपे असते. सत्तेवर आल्यावर ती पाळणे कठीण. घटनेने 1950 मध्ये भाषणस्वातंत्र्य दिले. पुढच्याच वर्षी, न्यायालयाचे निर्णय सरकारविरुद्ध गेल्यावर, काँग्रेस सरकारने पहिल्या घटनादुरुस्तीने त्यावरील निर्बंधांची कक्षा वाढविली. 1975 च्या जूनमध्ये त्याच पक्षाच्या सरकारने वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण लादले. बारडोलीच्या पत्रातील तिसरी मागणी त्या वेळी त्याच पक्षाच्या दारावर उभी होती.

एकविसाव्या शतकात वाट बदलली; प्रश्न तोच राहिला. 27 मार्च 2015 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटवरील सेवांविषयी विचारणा प्रसिद्ध केली आणि दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ईमेलने मते कळविली. काही संकेतस्थळे फुकट व उरलेली पैसे मोजून, असा भेद कंपन्यांना करू द्यावा काय, हा वाद पेटला. यालाच नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे जाळ्याची तटस्थता, असे नाव पडले. 22 एप्रिल 2015 रोजी काँग्रेसचे राहुल गांधी यांनी लोकसभेत तटस्थतेची बाजू मांडली आणि भारतीय जनता पक्षाचे दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांनीही भेदभावरहित इंटरनेटचाच पक्ष घेतला. 8 फेब्रुवारी 2016 रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली आणि जुलै 2018 मध्ये शासनाने तटस्थतेचे तत्त्व मान्य केले. अमेरिकेत हेच नियम 2015 मध्ये झाले, 2017 मध्ये उठले, 2024 मध्ये पुन्हा आले आणि 2025 च्या जानेवारीत न्यायालयाने रद्द केले. पक्ष बदलला की नियम बदलला.

भारतातही परीक्षा एवढ्यावर संपली नाही. कंपनीने भेद करू नये हे मान्य करणाऱ्या शासनाने ऑगस्ट 2019 मध्ये जम्मू-काश्मीरमधील इंटरनेट बंद केले. 10 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले, की अशी बंदी बेमुदत असू शकत नाही. राज्याराज्यांतून अशी बंदी घालणाऱ्यांत काँग्रेसची सरकारेही होती.

म्हणूनच बारडोलीचे ते पत्र आजही वाचण्याजोगे आहे. त्यात एकच अट होती, अहिंसेची. हेतू कोणता, पक्ष कोणता, मत कोणते, याची पृच्छा त्यात नव्हती. वाटेच्या तटस्थतेची याहून नेमकी व्याख्या क्वचितच झाली असेल. एखादा पक्ष या तत्त्वाच्या बाजूचा आहे की नाही, हे त्याच्या विरोधी बाकांवरील भाषणांवरून ठरत नाही. वाटेचे कुलूप आपल्या हाती असताना विरोधकाची वार्ता तो त्याच दराने आणि त्याच वेगाने जाऊ देतो काय, यावरूनच ते ठरते.